एकाच भाकरीची पंगत : कवी ना. वा. टिळक आणि त्यांचा ‘देवाचा दरबार’

वाशिम : मिशन हॉस्पिटल म्हटलं की जिल्ह्यातल्या कुठल्याही गावचा माणूस लगेच ओळखतो. १९३८ साली सुरू झालेला हा रेनॉल्ड्स मेमोरियल दवाखाना. तिथं गेलेल्या बऱ्याच जणांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना कधी ना कधी कानावर घेतलेली असते. पण चर्चमध्ये आत बसून ती उपासना पाहिलेले फार थोडे. पाहिली तर एका गोष्टीचं नवल वाटेल. मराठी चर्चमध्ये जी पदं म्हणतात त्यातली कितीतरी थेट अभंगाच्या वळणाची आहेत. म्हणणारे ख्रिस्ती, नाव येशूचं, आणि चाल मात्र आपल्या गावच्या भजनी मंडळाची.

हे घडवणाऱ्या माणसाची कविता आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. पारध्याचा बाण लागलेली पक्षीण पिलांसाठी चारा घेऊन घरट्याकडे धडपडते, ती कविता. कवीचं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य टिळक वेगळे, हे टिळक वेगळे. दोघंही कोकणातले, दोघंही चित्पावन, काळही जवळपास एकच, म्हणून बऱ्याच लोकांचा घोटाळा होतो. नारायण वामनांना पुढं फुलामुलांचे कवी म्हणू लागले. पण त्यांच्या आयुष्यातला खरा झगडा कवितेचा नव्हता. तो पंगतीचा होता. देवासमोर कोणी कोणाच्या मांडीला मांडी लावून बसायचं, कोणाच्या हातचं खायचं, याचा.

ख्रिस्ती लोकांची पंगत म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. येशूला क्रूसावर चढवलं त्याच्या आदल्या रात्री तो आपल्या बारा शिष्यांबरोबर जेवायला बसला. वल्हांडण सणाचे दिवस होते. त्यानं भाकर हातात घेतली, देवाचे आभार मानले, मोडली आणि सगळ्यांना दिली. मग द्राक्षरसाचा प्याला फिरवला. हे माझं शरीर, हे माझं रक्त, माझ्या आठवणीसाठी असंच करत राहा, असं सांगितलं. तेव्हापासून आजपर्यंत जगभरातले ख्रिस्ती हे भोजन करत आलेत. कॅथलिक लोक त्याला मिस्सा म्हणतात, त्यांच्याकडे ते दर रविवारी असतं. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्या प्रभुभोजन म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी ते महिन्यातून एकदा होतं. पोट भरायचं जेवण नाही हे. एक लहानसा तुकडा आणि एक घोट.

आपल्याकडे जवळची गोष्ट सांगायची तर सप्ताहाच्या शेवटी होणारा काला. दही-लाह्या एकत्र कालवायच्या आणि सगळ्यांनी खायच्या. कोणाचं काय होतं ते त्यात शोधून सापडत नाही. अर्थ दोन्हींचा एक नाही, पण कालवलेलं वेगळं करता येत नाही ही गोष्ट ज्याला कळली त्याला प्रभुभोजनातली अडचणही कळेल. भाकर एकच असते, प्याला एकच. मग जो माणूस शेजाऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही, त्यानं तिथं बसायचं कसं?

कोकण, नाशिक, नागपूर

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, करजगावचा. बाप कडक आणि संशयी. आईचा पोरावर जीव, आणि कवितेचा नादही तिच्याकडूनच आलेला. ती लवकर गेली. पोराचं घरावरचं मन उडालं आणि तो नाशिकला निघून आला. तिथं गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. शिक्षण धड पुरं झालं नाही, पण संस्कृत पक्कं झालं आणि जिभेवर सरस्वती बसली. कीर्तन करायचं, पुराण सांगायचं, शाळेत शिकवायचं, मिळेल ते करायचं. एका जागी मात्र टिकायचं नाही.

लग्न झालं ते नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी. माहेरचं नाव मनकर्णिका, सासरी लक्ष्मी. वय अकराच्या आसपास. याच मुलीनं म्हातारपणी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं आणि टिळकांचं सगळं घर, भांडणं, उपास, रुसवे, फजिती महाराष्ट्रासमोर ठेवली. लिहायला वाचायला ती लग्नानंतर शिकलेली. टिळकांबद्दल आज जे आपल्याला जिवंत वाटतं ते बरंचसं तिच्यामुळं.

१८९१ च्या सुमाराला टिळक नागपूरला आले. आप्पासाहेब बुटी या श्रीमंत गृहस्थाकडे संस्कृत ग्रंथांचं काम होतं. मुलगा देवदत्त त्याच साली जन्मला. काम चांगलं होतं, मान होता, पण टिळकांच्या डोक्यात वेगळंच चाललेलं. हा देश असा का पडला, माणसं जातीजातीत का फाटली, याचा विचार करता करता आपणच एक नवा धर्म काढावा, इथपर्यंत ते आले होते. मूर्तिपूजा नको, जात नको, सगळे भाऊ, असा काहीतरी.

रेल्वेच्या डब्यात

१८९३ साली ते नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक गोरा साहेब बसलेला. त्या काळात गोरा माणूस नेटिव्ह माणसाला जागा द्यायचा म्हणजे नवलच, पण यानं आपुलकीनं जागा दिली, बोलायला लागला. संस्कृत नाटकांवर बोलणं झालं, कवितेवर झालं, मग धर्मावर आलं. उतरताना त्यानं टिळकांना बायबल दिलं, आवडलं नाही तरी वाचून पाहा म्हणाला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती झालेले असाल असंही सांगून टाकलं. टिळकांना ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. साहेबाचं नावही त्यांनी विचारलं नाही.

हा साहेब अर्नेस्ट वॉर्ड, फ्री मेथडिस्ट मिशनचा माणूस. यवतमाळला ज्या पंथाचं मिशन उभं राहिलं तोच हा पंथ. म्हणजे मराठीतल्या एका मोठ्या कवीच्या आयुष्याला वळण देणारा माणूस आपल्याच वऱ्हाड-मध्य प्रांताच्या मुलखात फिरणारा होता. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं ते खुणा करत, चुका काढत. येशूच्या डोंगरावरच्या उपदेशापाशी येऊन थांबले. शत्रूवर प्रेम करा, एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करा, आधी भावाशी समेट करा आणि मग देवापुढं दान ठेवा. जो नवा धर्म आपण काढायला निघालो होतो तो इथं आधीच सांगून ठेवला आहे, असं त्यांना वाटलं. मग पत्रं, प्रश्न, निनावी लेख. दीड-दोन वर्षं हे चाललं. बाहेर कळलं तर काय होईल ते त्यांना माहीत होतं. घरात बायको आणि लहान पोरगा.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो दिला एका देशी पाळकानं, रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी. वॉर्डसाहेबानं सांगितलेली दोन वर्षं भरत आली होती. आणि पाळकाचं नाव तुकाराम, हा योगही लक्षात राहण्यासारखा, कारण आपण येशूपर्यंत आलो ते तुकोबाच्या पुलावरून, असं टिळक पुढं जन्मभर सांगत राहिले.

घरातली वेगळी चूल

लक्ष्मीबाईंना बातमी कळली तेव्हा घरावर आकाश कोसळलं. आज हे वाचताना नुसता धर्म बदलला असं वाटतं. तेव्हाचं तसं नव्हतं. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. सोवळं-ओवळं, श्राद्ध, मुंज, सोयरीक, सगळ्यातून तो बाद. नातेवाईक बाईला डोळ्यात तेल घालून जपत होते, जिवाचं काही करून घेईल म्हणून. बहिणीच्या आधारानं ती राहिली, पंढरपूरलाही राहिली. टिळक पत्रं लिहायचे, कविता पाठवायचे. ती रडायची, आणि वाचायचीही.

शेवटी ती मुलाला घेऊन नगरला आली. पण एका घरात नाही. तिचं स्वयंपाकपाणी वेगळं, सोवळं वेगळं. नवरा ख्रिस्ती, त्याच्या हातचं पाणी चालत नाही. टिळकांनी तिला जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. रागीट माणूस होता, घरातली भांडी-पैसे कोणालाही देऊन टाकणारा, बायकोला न सांगता निघून जाणारा. नवरा म्हणून त्यांनी तिला कमी त्रास दिला नाही. पण या एका बाबतीत ते थांबले.

तिचं मन आतून पालटलं ते राहुरीत. दुष्काळ, प्लेग, अनाथ पोरं, मिशनचं काम, हे सगळं डोळ्यासमोर होतं. पडल्या पडल्या ती विचार करत होती की जात देवानं केली की माणसानं? जनावरात जात वेगळी दिसते, घोडा वेगळा, गाय वेगळी. माणूस तर सगळीकडे एकसारखाच जन्मतो, एकसारखाच मरतो. मग हा भेद माणसाचाच. एकदा हे पटल्यावर बाईनं मागं पाहिलं नाही. कोणाच्याही हातचं खायचं ठरवलं, तेही बाप्तिस्म्याच्या आधी. १९०० साली तिनं बाप्तिस्मा घेतला. धर्माचा कागद नंतर आला, पंगत आधी झाली.

नगर जिल्ह्यात त्या वेळी जे ख्रिस्ती झाले त्यातले बहुतेक महार आणि मांग समाजातले. गावकुसाबाहेर राहिलेली ही माणसं. आणि गंमत अशी, गंमत म्हणायची का दुःख, की त्यांच्यातही एकमेकांच्या हातचं खायला सुरुवातीला कांकूं व्हायची. प्रभुभोजनाची भाकर फिरायची तेव्हा पंगतीत कोण कोणाच्या शेजारी, हा प्रश्न यायचाच. या लोकांत कोकणस्थ ब्राह्मण टिळक आणि त्यांची एकेकाळी कडकडीत सोवळ्यात राहिलेली बायको येऊन बसली. एकाच भाकरीचा तुकडा, एकच प्याला. भाषणं देऊन झालं नसतं ते या एका घोटानं दाखवलं. जात त्या दिवशी संपली असं कोणी म्हणू नये. चर्चमध्ये ती आजही काही ठिकाणी लग्न जुळवताना डोकं काढते. पण तोंडानं नाही म्हणायची सोय तरी राहिली नाही.

बाकावरून सतरंजीवर

टिळक नगरच्या मिशनमध्ये पाळक होणाऱ्यांना शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना स्वतःला पाळकाची दीक्षा मिळाली. आता ते चर्चच्या आतले झाले, आणि आतल्या गोष्टी त्यांना खुपायला लागल्या.

त्या वेळची उपासना म्हणजे साहेबाची नक्कल. बाकं, पेटी-ऑर्गन, इंग्रजी चालीवर मराठी शब्द ओढूनताणून बसवलेले. शब्द कुठं तुटतो, सूर कुठं जातो, म्हणणाऱ्याला पत्ता नाही. शेतातून आलेली बाई ते कसं म्हणणार? टिळक मूळचे कीर्तनकार. त्यांनी येशूची भक्ती ओवीत, अभंगात, पदात, आरतीच्या वळणात आणली. टाळ, तबला, खाली सतरंजी. ख्रिस्ती कीर्तन नगरकडे त्यांच्या आधीपासून होतं, कृष्णराव सांगळे यांचं नाव त्यात मोठं. पण टिळकांनी त्याला कवीचा शब्द दिला. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात त्यांची पदं शेकड्यानं आहेत. टिळकांचं नाव ज्याला माहीत नाही तोसुद्धा त्यांचं पद पाठ म्हणतो, असं आजही होतं.

त्यांच्या येशूला त्यांनी आई म्हटलं. आपल्याकडे विठ्ठलाला माउली म्हणतात तसं. मिशनऱ्यांना हे नवीन होतं. काहींना आवडलं, काहींनी नाक मुरडलं की हे फार हिंदू वाटतं. तिकडे हिंदू मित्र म्हणायचे, माणूस आपलाच होता, वाया गेला. दोन्हीकडून बोलणी. पण कवितेच्या दारात मात्र ही भिंत नव्हती. बालकवी ठोंबरे हा पोरसवदा कवी टिळकांच्या घरी राहायचा, लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवायचा. १९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्राचा मराठी भाग पाहू लागले, तिथंही देशप्रेम आणि येशूप्रेम यांची गाठ ते सोडत नव्हते. ख्रिस्ती झालो म्हणजे परका झालो असं नाही, हे त्यांचं म्हणणं.

दरबार

१९१७ साल. वय पंचावन्न उलटलेलं. तब्येत साथ देत नव्हती. तेव्हा टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, भगवे घातले आणि आपण संन्यासी झालो असं जाहीर केलं. पगार बंद. राहायला गेले साताऱ्याला. तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला.

या दरबाराचा नियम एकच, आणि तोच वादाचा. येशूवर ज्याचं प्रेम आहे तो या दरबारातला. बाप्तिस्मा घेतलेला असो की नसो. ज्याला घर-जात सोडून चर्चमध्ये नाव लावायचं नाही, पण येशूच्या मागं चालायचं आहे, त्यानंही यावं, भावासारखं बसावं, सगळ्यांबरोबर उपासना करावी.

चर्चच्या माणसांना हे पटणं अवघड होतं, आणि त्यांचं म्हणणं उगाच नव्हतं. चर्चची शिस्त अशी की आधी बाप्तिस्मा, मग प्रभुभोजन. बाप्तिस्मा म्हणजे सगळ्यांसमोर घेतलेली उडी. ज्या महार-मांग ख्रिस्ती कुटुंबांनी या उडीसाठी मार खाल्ला, विहिरीवरून हाकलून घेतलं, बलुतं गमावलं, त्यांना विचारा. त्यांनी किंमत मोजली, आणि उद्या कोणी वरच्या जातीचा माणूस घरी सोवळं ठेवून इथं येणार आणि भाऊ म्हणून बसणार? उडी न मारता पलीकडे पोचता येतं का? हा प्रश्न खोटा नाही.

टिळकांकडेही उत्तर होतं, ते त्यांच्या घरातच होतं. लक्ष्मीबाईंना आधी ढकलून आत आणलं असतं तर त्या आल्याच नसत्या. वेगळ्या चुलीसकट त्यांना जवळ राहू दिलं, म्हणून एक दिवस चूल आपोआप एक झाली. दरबार म्हणजे तसंच अंगण. पंगत आत आहे, पण अंगणात बसलेल्याला हाकलायचं कशाला?

हा वाद मिटला नाही. मिटायला वेळच मिळाला नाही. दरबार सुरू झाला आणि दीड-दोन वर्षांत टिळक खंगले. उपचारासाठी मुंबईला नेलं. ९ मे १९१९ रोजी तिथंच गेले. आपल्या देहाला अग्नी द्यावा ही त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती लोकांत दफनाची रीत, पण टिळकांच्या बाबतीत दहन झालं. देवाचा दरबार त्यांच्या माघारी टिकला नाही. तो माणसावर उभा होता, माणूस गेला.

विझलेल्या चुलीतला निखारा मात्र दुसरीकडे गेला. विन्स्लो नावाचा एक इंग्रज पाद्री टिळकांच्या ओढीनं भारावला होता. त्यानं आपल्या सोबत्यांबरोबर १९२० साली एक पुस्तक काढलं. हिंदुस्थानातल्या चर्चनं प्रभुभोजनाचा विधी इंग्लंडचा जशाचा तसा का चालवावा, त्याला इथलं रूप पाहिजे, असं त्यात मांडलं होतं. १९२२ मध्ये त्यानं ख्रिस्त सेवा संघ स्थापला. पुढं पुण्यात त्याचा आश्रम झाला. देशी आणि इंग्रज एकाच छताखाली, खादी घालून, जमिनीवर बसून, एकच जेवण जेवत. टिळकांचं इंग्रजी चरित्रही १९२३ साली विन्स्लोनंच लिहिलं.

लक्ष्मीबाई नवऱ्यामागं सतरा वर्षं जगल्या. टिळकांनी येशूच्या चरित्राचं मोठं काव्य सुरू केलं होतं, ‘ख्रिस्तायन’. त्यांचे सुरुवातीचे काही अध्यायच झाले होते. बाकीचं सगळं या बाईनं लिहून काढलं, साठाहून जास्त अध्याय. एकेकाळी नवऱ्याच्या हातचं पाणी न पिणारी बाई. येशूच्या शेवटच्या जेवणाची रात्रही त्याच कथेत येते. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या नाशिकला वारल्या. त्याच सुमारास वाशिमला मिशनची माणसं दवाखान्याच्या तयारीला लागली होती.